ताईची तयारी

स्टुडिओत तिला सगळे शॉर्टकटताई म्हणत. पुढं पुढं शॉर्टकट गळून पडला आणि नुसती ताई उरली. चष्मा डोक्यावर, उजव्या हातात पेन आणि डावा हात कायम टेबलावरच्या एका छोट्या बटणांच्या पॅडवर, अशी ती बसलेली दिसायची. त्या बटणांवर तिने नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. कुठला ठिपका कशासाठी हे तिच्याशिवाय कुणालाही कळत नसे आणि कळावं अशी तिची इच्छाही नव्हती.

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता, खाली दातांचा दवाखाना. इथं गोष्टींच्या पुस्तकांसाठी आणि मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं काढली जात. चित्रं म्हणजे माणसं नव्हेत, माणसांच्या मागचं सगळं: जंगल, किल्ला, स्वयंपाकघर, समुद्राचा तळ. सगळं कॉम्प्युटरवर. रंगाचा डाग कुणाच्या कपड्यांवर कधी पडला नाही, पण मान, मनगट आणि पाठ मात्र प्रत्येकाची गेलेली.

चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही गोष्ट चार ठिकाणी टिचक्या मारून करता येते, आणि तीच एका बटणावरही बसवता येते. बहुतेक माणसं पहिल्या रस्त्याने जातात आणि सुखात असतात. ताई दुसऱ्या रस्त्याची. नवा लेअर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, घ्या, त्याला सावलीचा रंग द्या, ब्रश मऊ करा, कडेबाहेर रंग जाणार नाही असं बांधून टाका, हे सगळं तिचं एका ठिपक्यावर होत असे. नको ते मेनू तिने पडद्यावरून हाकलून दिले होते. हवे ते पॅनल हाताशी ओढून घेतले होते. "हात हलता कामा नये, काम हललं पाहिजे," हे तिचं तत्त्वज्ञान, आणि ते ती न विचारताही सांगत असे.

स्टुडिओतल्या बाकीच्यांचे पडदेही तिनेच लावून दिलेले. वर्षानुवर्षं झाडंच काढणारा एक गृहस्थ होता, त्याला सगळे झाडवाला म्हणत. त्याला तिने पानांचा असा ब्रश करून दिला की एका फटक्यात पानांनी भरलेली फांदी. झाडवाला आठवडाभर कुरकुरला, ही कसली झाडं, ही तर झेरॉक्स. मग रोज वेळेवर घरी जायला लागला आणि त्याची कुरकुर बंद झाली.

आता तिच्या भावाचं. भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. तिच्याहून लहान, बिनलग्नाचा, तिच्यासारखाच. घरात त्याला बोका म्हणत, कारण ड्यूटीवरून अवेळी यायचा आणि आल्या आल्या पातेल्यांची झाकणं उघडून बघायचा. ताई, तो आणि आई, अशी तीन माणसं दोन खोल्यांत राहत. एका उंच इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून त्याला बोलावणं आलं. लिफ्ट बंद म्हणून तो जिन्याने चढला, आणि वरच्या कुठल्याशा मजल्यावर छातीला हात लावून पायरीवर बसला तो बसलाच. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं घडलं असतं तर ही गोष्ट त्याने चार ठिकाणी रंगवून सांगितली असती.

ताई रडली नाही. बघायला आलेल्यांनी ते बघितलं, आणि कुणी म्हणालं खंबीर आहे हो, कुणी म्हणालं मनाला लावून घेतलंय, कुणी जिन्यात उतरल्यावर म्हणालं, काळीज आहे की दगड. खरं सांगायचं तर यातलं काहीच नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या गालाला काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती कामावर परत गेली. काम आधीपेक्षा लवकर व्हायला लागलं. किल्ला सकाळी, समुद्र दुपारी. स्टुडिओच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, थोडं हळू घेतलंत तरी चालेल हं." ताई म्हणाली, "बरं." आणि संध्याकाळपर्यंत अजून एक स्वयंपाकघर उरकलं.

आईने आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले. तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तो बोका गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी. मोतीबिंदू असता तर कापून काढता आला असता. काचबिंदूने नेलेली नजर परत मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू, किती टिकेल ते सांगता येत नाही. आईने मान डोलावली, जणू कापड कमी पडतंय आणि आहे त्यात बसवायचंय.

दवाखान्यातून निघून दोघी बसच्या थांब्यावर बसल्या होत्या. आई म्हणाली, "तू चित्रं काढतेस ना?"

"काढते."

"मग बोक्याचं एक काढ. मोठं. मला दिसतंय तोवर."

"फोटो मोठा करून आणते की."

"कुठला? ओळखपत्रावरचा? त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो."

आईचं खोटं नव्हतं. बाकीचे फोटो त्याहून वाईट. कॅमेरा दिसला की बोक्याची जीभ बाहेर यायची, नाहीतर डोळे तिरळे व्हायचे, नाहीतर समोर पंजा. चाळिशी आली तरी ती खोड गेली नाही. एका लग्नाच्या फोटोत तर तो खुर्चीमागे लपलेला आहे आणि नुसता कान दिसतो.

"मला तो हसताना पाहिजे," आई म्हणाली. "माकडचेष्टा नकोत. घरात हसायचा तसा. तुला माहीत आहे कसा ते."

"काढते," ताई म्हणाली. बस आली आणि दोघी चढल्या.

आता कुणालाही वाटेल की बाई घरी गेली आणि पेन हातात घेतलं. तसं काही झालं नाही. ताईने तयारी सुरू केली.

पहिल्यांदा तिने त्वचेचा ब्रश केला. वर्षानुवर्षं दगड आणि पाणी काढलेलं, माणसाच्या त्वचेसाठी तिच्याकडे चांगला ब्रशच नाही असं तिचं म्हणणं पडलं. दाब दिला की रंग किती उमटावा, पेन कलतं केलं की कड किती विरावी, हे ती एका रिकाम्या पानावर रेघोट्या ओढून ठरवत बसली. मग रंगांची पेटी. मग चेहऱ्यासाठी वेगळा पडदा लावला: डावीकडे फोटो, उजवीकडे रंग, वर फक्त चार ब्रश, बाकी सगळं लपवलेलं. मग नवीन बटणं. त्यातलं एक तिला फार आवडलं. ते दाबलं की चित्र लांब गेल्यासारखं छोटं व्हायचं आणि आरशात बघितल्यासारखं उलटायचं, म्हणजे नाक वाकडं असेल तर लगेच कळावं. परत दाबलं की परत मोठं आणि सरळ. हे चित्रकारांचं जुनं औषध आहे. तासन्‌तास एकच चेहरा बघितला की डोळा चुकीलाही सरावतो, आरशात ती चूक लगेच ओरडते. ताईने ते एका दमात बसवलं, त्याला लाल ठिपका दिला, आणि त्या दिवशीचं काम झालं असं समजून कॉम्प्युटर बंद केला. कॅनव्हास कोराच होता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. ताईला नाचता येत होतं. ती फक्त अंगण सारवत राहिली.

आई जेवताना विचारायची, "कुठवर आलं?"

"चालू आहे."

"आज काय झालं?"

"केसांचा ब्रश."

"केस झाले?"

"केस नाही गं, केसांचा ब्रश. त्याने केस काढायचे."

"अच्छा," आई म्हणायची. एकदा घास चावून झाल्यावर म्हणाली, "अवघड कापड आलं ना, की मी पण मशीनला तेल घालत बसायचे. सुई बदल, बॉबिन साफ कर. एकदा तर अख्खा दिवस मशीन पुसलं. तुझे बाबा म्हणाले, मशीन विकायचंय का?"

ताई हसली नाही. "हे तसं नाहीये," ती म्हणाली.

दुपारच्या सुट्टीत एकदा झाडवाला तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. ताईने स्टुडिओतही तीच फाइल उघडली होती. झाडवाल्याने ते सगळं पाहिलं: नावं दिलेले लेअर एकाखाली एक, केस, भुवया, डोळे, ओठ, कान, मान, सगळे रिकामे, बाजूला रंगांच्या रांगा, आणि मधोमध पांढरं शुभ्र.

"ताई, दुकान तर झकास थाटलंय," तो म्हणाला. "माल कुठाय?"

"येईल."

झाडवाला गेला नाही. बोक्याला तो ओळखायचा. स्टुडिओची लिफ्ट बिघडली की बोका यायचा आणि काम झाल्यावर झाडवाल्याच्या खुर्चीत गोल फिरायचा. "मी काढू का?" झाडवाला म्हणाला. "म्हणजे, मला माणसं फार येत नाहीत, पण तुम्ही हो म्हणत असाल तर..."

"नको," ताई एवढ्या मोठ्याने म्हणाली की मॅडमनी काचेपलीकडून मान वर केली.

तिला राग आला होता का? नाही. ती स्वतःच चकित झाली. पुढचा तासभर तिने तो रिकामा 'डोळे' नावाचा लेअर बघत काढला, आणि मग त्याचं नाव बदलून 'डोळे १' केलं, कारण पुढे 'डोळे २' लागेल.

ताई डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघायची, आणि आईकडे बघायला तिच्याकडे डोळे उरत नसत. हे मी रागाने म्हणत नाही, पण म्हणतो. आईने शिवणयंत्रावर चादर टाकली, तेव्हा ताईला वाटलं पाठ दुखते म्हणून. आई टीव्ही सोडून रेडिओ लावायला लागली, तेव्हा तिला वाटलं टीव्हीवर हल्ली काही बघण्यासारखं नसतं. घर आईच्या हातांना पाठ होतं. साखर कुठं, काडेपेटी कुठं, उंबऱ्याशी पाय किती उचलायचा, हे हातापायांना माहीत असलं की माणूस बरेच दिवस निभावून नेतो.

मग एका रविवारी सकाळी आईने चहा ओतला तो कपाशेजारी. ओतत राहिली. चहा ओट्यावरून खाली सांडला, तिच्या पावलावर आला तेव्हा ती "अगं बाई" म्हणून मागे सरली. ताईने पोतेरं घेतलं, आईच्या पायावर गार पाणी घातलं. "लक्ष नव्हतं गं माझं," आई म्हणाली.

ताईने फरशी पुसली, हात धुतले आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. त्या रविवारी तिने पहिली रेघ ओढली.

चित्र झालं ते असं झालं की सांगायलाही फारसं काही नाही. घोडं एवढे दिवस अडलं होतं ते अडलं, आणि सुटल्यावर कुठंही थांबलं नाही. सगळ्या सुट्ट्या आणि कामावरून आल्यावरच्या संध्याकाळी तिने त्यावर घातल्या. ती गिऱ्हाइकाचं काम करावं तसं करत होती. कपाळ इतकं, जबडा असा, उजेड खिडकीतून. कान त्या लग्नाच्या फोटोतून घेतला, तो एकटाच सरळ आलेला होता. हसणं मात्र कुठल्याच फोटोत नव्हतं. ते तिने आठवून काढलं: आधी डोळे बारीक व्हायचे, मग एका बाजूचा ओठ वर जायचा, मग दात. आठवताना काही होईल असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. ओठाची कड कडक आलीय, मऊ ब्रश घ्यावा, एवढंच मनात आलं.

उजव्या भुवईत त्याला खोक होती. रांगता असताना आईच्या शिवणयंत्राच्या चाकावर आपटला होता. टाके पडले तिथं पुन्हा केस उगवले नाहीत. ती ओळखपत्राच्या फोटोत दिसत नव्हती, फोटोवाल्याने आगाऊपणा करून ती भरून टाकली होती. ताईने आठवणीने काढली. भुवई पूर्ण केली आणि मग त्यातले केस एक एक पुसले. पुसता पुसता लाल ठिपक्याचं बटण दाबत राहिली. उलटं, सरळ, उलटं, सरळ. नाक बरोबर होतं. डोळे बरोबर होते. छपाईसाठी चित्र मोठं केलं, पाठवलं, आणि प्रिंटवाल्याकडून ते परस्पर फ्रेमवाल्याकडे गेलं.

फ्रेमवाल्याने कागद सोडून फ्रेम काउंटरवर उभी केली. "काच साधी घातलीय, चमकणारी नाही. बघून घ्या."

ताईने बघितलं. चांगलं आलं होतं. रंग थोडे गडद, पण चालतील. मग तिची नजर भुवईवर गेली आणि तिथंच राहिली.

खोक डाव्या भुवईत होती.

ओठ चुकीच्या बाजूने वर गेला होता. भांग चुकीच्या बाजूला होता. अख्खा बोका उलटा होता. तिला चूक कुठं झाली ते जिथल्या तिथं समजलं, कारण तो तिचा प्रांतच होता. सॉफ्टवेअरमध्ये आरसे दोन असतात. एकात फक्त बघणं उलटं होतं, चित्राला धक्का लागत नाही. दुसऱ्यात चित्रच उलटतं. तयारीच्या भरात तिने आपल्या लाडक्या बटणात पहिल्याऐवजी दुसरा आरसा बसवला होता. दोनदा दाबलं तर सरळ. शेवटच्या दिवशी तिने ते एकदा दाबलं आणि मोठं करायला दुसरं बटण वापरलं. कागदावर काढणाऱ्या माणसाने ठरवलं तरी ही चूक त्याच्या हातून व्हायची नाही. हिला मेहनत लागते.

"काही राहिलंय का?" फ्रेमवाला म्हणाला.

"उलटं छापलंय. म्हणजे मीच उलटं पाठवलं."

फ्रेमवाल्याने मान कलती करून बघितलं. "मला तर माणूस सरळच दिसतो."

"तुम्ही त्याला बघितलेलं नाही."

"ते खरं," तो म्हणाला. "दुसरं छापून आणा, काच उघडायला वेळ नाही लागत. पण प्रिंटवाला आज बंद असतो."

घरी आई वाट बघत होती. शेजारणीला सांगून झालं होतं, खिडकीपाशी खुर्ची ओढून झाली होती. रिकाम्या हाताने जावं असं ताईला वाटेना. तिने फ्रेम परत कागदात गुंडाळली आणि काय सांगायचं ते वाटेत जुळवत गेली. आई, आज असाच बघ, उलटा आलाय, उद्या बदलून आणते. उद्या नाहीतर परवा. एवढंच तर सांगायचं होतं. एक बटण दाबायचं काम.

आई इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसली होती. "आणलंस?"

"आणलंय, पण आई, ऐक..."

"दे आधी इकडे."

आईने फ्रेम मांडीवर घेतली. कागद काढला, हाताने चौकट चाचपली, मागचा हूक सापडल्यावर वरची बाजू वर केली. मग फ्रेम खिडकीच्या उजेडात धरून ती बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा असा उजळला की ताईच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं.

"अगदी तस्साच," आई म्हणाली. "अगदी तस्साच काढलास गं. आणि ही खोक बघ." तिने काचेवर बोट टेकवलं. "उजव्या भुवईतली. ती पण विसरली नाहीस."

बोट टेकलं होतं तिथं भुवई पूर्ण होती. एकही केस कमी नव्हता.

ताई बोटाकडे बघत राहिली. मग आईच्या डोळ्यांकडे तिने बघितलं. ते फ्रेमकडे नव्हते, फ्रेमच्या थोडे वर, खिडकीच्या गजांकडे होते.

"आई," ती म्हणाली, "तुला किती दिसतं?"

"दिसतं की."

"आई."

आईने बोट काढून घेतलं. "उजेड कळतो," ती म्हणाली. "तू तिथं उभी आहेस ते कळतं."

"कधीपासून?"

"नजर एकदम नाही गेली. सरत सरत गेली." आईने थोडा विचार केला. "तुझा तो केसांचा ब्रश चालला होता ना, तेव्हा चेहरे दिसेनासे झाले."

ताईने तेव्हा चित्रात एकही केस काढला नव्हता. पंधरा प्रकारे काढून बघितले होते, सगळे रिकाम्या पानावर.

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काढलंच नसतंस," आई म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून तरी बसत होतीस त्याच्यापाशी. नाहीतर तू त्याच्याकडे बघायला तयार होतीस का?"

खालून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ताईला आठवलं की काहीतरी सांगायचं होतं, आणि ते तिने सांगून टाकलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"तो उलटा आलाय. माझी चूक झाली. खोक डावीकडे गेलीय, भांग पण. मी उद्या सरळ करून आणते."

आई एकदम हसली. "राहू दे," ती म्हणाली. "जन्मात कधी सरळ होता?"

ताईलाही हसू आलं. ते अर्ध्यावर आलं आणि तिथं अडकलं, आणि घशाखाली कुठंतरी एवढं दुखलं की तिने खिडकीचा गज धरला. एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं. ती आईच्या पायाशी फरशीवर बसली.

"आई, मला उशीर झाला गं."

आईने होकार दिला. नाही गं, असं काही नसतं, असलं काही ती बोलली नाही. "झाला खरा," ती म्हणाली, आणि फ्रेम वळवून ताईच्या समोर धरली. "आता सांगायला तरी उशीर करू नकोस. काय काय काढलंयस, सगळं सांग मला."

ताईने भावाकडे बघितलं. पॅडवर ठेवायचा हात मोकळाच होता, तो तिने आईच्या गुडघ्यावर ठेवला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओठांवर येत होतं, ते तिने पुसलं नाही. "केस विस्कटलेले आहेत," ती म्हणाली. "नुकताच झोपून उठल्यासारखे."

"आणि?"

"डोळे बारीक केलेत. हसायच्या आधी करायचा तसे."

"हं," आई म्हणाली. "पुढं सांग."